वस्तऱ्याचा दगड आणि विळीचा दगड

मागच्या महिन्यात नातवाचा फोन आला. तो पुण्याला नोकरीला असतो, दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. स्वयंपाकाची त्याला भारी हौस. म्हणाला, "आजोबा, तुम्ही दिलेला पणजोबांचा वस्तरा मी घासूनपुसून स्वच्छ केलाय, पण त्याला धार अजिबात नाही. माझी भाजीची सुरीही बोथट झालीय. दोन्हींना चालेल असा एकच दगड घ्यायचाय. कोणता घेऊ?"

प्रश्न साधा होता. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, मुलांच्या आडव्यातिडव्या प्रश्नांना उत्तरं दिली. पण या प्रश्नापाशी मी अडखळलो. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणून फोन ठेवला. ही म्हणाली, "एवढा काय विचार करताय? दगड तो दगड!"

दगड तो दगड नव्हे, हे मला वयाच्या दहाव्या वर्षीच कळलं होतं. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण मास्तरांची खोड जात नाही.

आपल्या देवघरात गंध उगाळायला सहाण असते. हा शब्द संस्कृतातल्या 'शाण' या शब्दापासून आला, आणि शाण म्हणजे धार लावायचा दगड. म्हणजे एकेकाळी हत्यार घासायच्या दगडाचं नाव आज चंदनाच्या दगडाला चिकटून राहिलंय. धारेच्या दगडाला आपल्याकडे दुसराही एक शब्द होता, निसणा. आता तो फारसा ऐकू येत नाही. तलवारी, भाले घासूनपुसून लखलखीत करणारे ते शिकलगार. हे नाव फारसीतून आलं. आज ते अनेक कुटुंबांचं आडनाव आहे, पण त्यामागचा धंदा त्यांच्यातल्या पुष्कळांनी कधीच सोडला. हत्यारं गेली, धंदे गेले, शब्द तेवढे मागे राहिले.

आता मूळ मुद्दा. वस्तरा आणि सुरी ही दोन्ही पोलादाची पाती, मग दोन्हींना एक दगड का चालू नये?

फरक आहे तो धारेच्या कोनाचा. स्वयंपाकघरातली सुरी दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस अंशांवर घासतात, म्हणजे धारेचा एकूण कोन तीस ते चाळीस अंश होतो. वस्तऱ्याचा एकूण कोन साधारण सोळा-सतरा अंश, सुरीच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय सुरीचा कोन घासणाऱ्याच्या हातात असतो. हात हलला की कोन बदलला. वस्तऱ्याचं तसं नाही. त्याची जाड पाठ आणि धार अशी दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पात्याच्या रुंदीला पाठीची जाडी बेताची ठेवून कारागिराने तो कोन आधीच ठरवून दिलेला असतो. आपण फक्त वस्तरा आडवा ठेवायचा आणि धार पुढे करून सरकवायचा. मात्र त्यासाठी दगड आरशासारखा सपाट हवा. दगडात नखाएवढा खड्डा असला तरी धार तिथे टेकत नाही आणि वस्तरा ओढून ओढून दाढी करतो. ज्यांनी तो अनुभव घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको!

दुसरा फरक रव्याचा. दगड कापतो म्हणजे त्यातले कठीण कण पोलादावर ओरखडे काढतात. कण मोठे तर ओरखडे खोल. टोमॅटो चिरणाऱ्या सुरीला थोडे ओरखडे असलेलेच बरे, त्यांच्यामुळे ती सालीला पकडते. वस्तऱ्याच्या धारेवर मात्र असे ओरखडे राहिले तर गालाची आग होते. आजच्या जपानी मापात सांगायचं, तर सुरीला १००० नंबरचा दगड पुरतो. त्याचे कण साधारण १४-१५ मायक्रॉनचे असतात. वस्तऱ्याला शेवटचा हात ८००० किंवा त्याहून बारीक दगडावर मारतात. तिथे कण दोनेक मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला, तर हे काम किती बारीक आहे याची कल्पना येईल.

ही विभागणी आजची नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात धारेच्या दगडांचे प्रकार दिले आहेत. काही दगड तेलावर चालतात, काही पाण्यावर. आणि एक वेगळा वर्ग न्हाव्यांच्या दुकानातला, थुंकी लावून वापरायचा! त्यासाठी स्पेनमधल्या लामिनियमचे दगड त्याने नावाजले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही न्हाव्याचा दगड वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा होता.

पुढे युरोपातल्या न्हाव्यांत गाजला तो बेल्जियमचा कोटिक्यूल. आर्देनच्या डोंगराळ भागात व्हिएलसाम गावाच्या परिसरात निळसर-जांभळ्या पाटीच्या दगडात पिवळट रंगाच्या अरुंद शिरा सापडतात. या पिवळ्या दगडात गार्नेटचे, म्हणजे आपण तामडी म्हणतो त्या खड्याचे, अतिशय बारीक कण खच्चून भरलेले असतात. शिरा पातळ, म्हणून पिवळ्या दगडाची चकती पाटीच्या काळ्या दगडावर चिकटवून विकायची पद्धत पडली. खालचा दगड नुसता आधाराला.

नातवाच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर देणारा नैसर्गिक दगड हाच. त्यावर पाणी घालून त्याच दगडाच्या लहान तुकड्याने घासलं, की दुधासारखी खळ तयार होते. या खळीत गार्नेटचे कण सुटे होऊन फिरतात आणि पोलाद भराभर कापतात. मग थेंब थेंब पाणी घालत खळ पातळ करत जायची. जसजशी ती पातळ होते तसतसा दगड हळू आणि बारीक कापू लागतो. शेवटी नुसतं पाणी राहतं आणि धारेला झिलई येते. एकाच दगडावर सुरीचं कामही होतं आणि वस्तऱ्याचंही. पण मंडळी, ही किमया दगडात जेवढी आहे तेवढीच हातात आहे. कधी किती पाणी घालायचं हे सांगून येत नाही, ते बोटांना कळावं लागतं. शिवाय खाणीतून अख्खा, बिनचिरेचा तुकडा निघणं दुर्मीळ, त्यामुळे किंमतही तशीच.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्जच्या आसपास दुसरा एक दगड मिळतो. तो जवळजवळ निव्वळ सिलिकाचा, गारेच्या जातीचा. तिथले मूळ रहिवासी त्याच्या खाणी खणून बाणांची टोकं घडवत. या दगडाचं शास्त्रीय नाव नोव्हॅक्युलाइट. लॅटिनमध्ये नोव्हॅक्युला म्हणजे वस्तरा. नावातच वस्तरा घेऊन बसलेला हा दगड सुतार, कोरीवकाम करणारे आणि न्हावी सगळ्यांनीच वापरला, पण प्रत्येकाने आपापल्या कामाचा निवडून. मऊ जातीचा भराभर कापतो, कठीण जातीचा शेवटच्या हाताला.

जपानात तर याचं शास्त्रच झालं. क्योतोच्या आसपासच्या डोंगरांतले दगड शेकडो वर्षं तलवारींसाठी काढले गेले. तिथे दगडांच्या तीन पायऱ्या मानतात: आरातो म्हणजे खडबडीत, नाकातो म्हणजे मधला, आणि अवासेतो म्हणजे शेवटचा, अगदी बारीक. एका दगडाने सगळं भागवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. प्रत्येक पायरीचं काम त्या त्या पायरीवर करायचं. प्राथमिक शाळेच्या मास्तरांना हे पटायला हरकत नाही!

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशाचा या इतिहासातला मोठा वाटा म्हणजे कुरुंद. कुरुंद हा ॲल्युमिनियमचा नैसर्गिक ऑक्साइड. त्याची शुद्ध, रंगीत रूपं म्हणजे माणिक आणि नीलम. फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली, तिच्यात हिरा दहावा आणि कुरुंद नववा. संस्कृतात याला कुरुविंद म्हणत, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द इथूनच गेला. दक्षिण भारतात हा दगड विपुल. त्याची पूड वितळलेल्या लाखेत मिसळून आपले कारागीर चाक बनवत आणि त्या चाकावर रत्नं आणि हत्यारं घासत. म्हणजे कठीण कण एखाद्या चिकट पदार्थात बांधून पाहिजे तसा दगड माणसानेच बनवायचा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे.

अमेरिकेत १८९१ साली एडवर्ड गुडरिच ॲचेसन नावाचा गृहस्थ कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत होता. त्याने माती आणि कोक एकत्र करून त्यातून विजेचा जबरदस्त प्रवाह सोडला. हिरा काही मिळाला नाही, पण काळसर, चमकदार, काच कापणारे स्फटिक मिळाले. हा कार्बन आणि कुरुंद यांचा संयोग असावा असं त्याला वाटलं, म्हणून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघालं, त्यात कुरुंदाचा अंशही नव्हता. पण नाव कायम राहिलं. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. सुरुवातीला हा पदार्थ इतका महाग होता की रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना तो कॅरटच्या मापाने विकला जाई. पुढे नायगारा धबधब्याची स्वस्त वीज मिळाली आणि तो पोत्यांनी निघू लागला. नॉर्टन कंपनीचा 'इंडिया' नावाचा नारिंगी-तपकिरी तेलाचा दगड अनेकांनी पाहिला असेल. त्याचं नावही भारतातून जाणाऱ्या कुरुंदावरूनच पडलं.

आपल्या महाराष्ट्रात उरणजवळच्या मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीने घासण्याची चाकं बनवायला सुरुवात केली, तर मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. एका बाजूने खडबडीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा जो राखाडी दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो या घराण्यातला. विळी, कोयता, खुरपं यांना तो उत्तम. त्याने शेतकऱ्याचं घर चालवलं. पण त्याची बारीक बाजूसुद्धा वस्तऱ्याला जाडीभरडीच पडते.

आणि इथे मी माझ्या दहाव्या वर्षाकडे येतो.

पानशेतचं धरण फुटलं ते १९६१ साल. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. वडील तरुणपणी काही वर्षं मुंबईत गिरणीत होते. परतताना त्यांनी जर्मनीतल्या सोलिंगेनचा एक वस्तरा आणला होता. दाढी ते स्वतःच करत, पण धार लावायचं काम आमच्या न्हाव्याचं. त्यांना सगळा गाव आबा म्हणे. दर पंधरा दिवसांनी आबा धोकटी काखेत मारून ओसरीवर येत. वाटीभर पाणी मागून घेत. फडक्यात गुंडाळलेला काळसर हिरवट दगड बाहेर काढत, वीतभर लांबीचा आणि तळहातापेक्षा अरुंद. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून वस्तरा फिरवत. दगडावर धार पुढे, आणि नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. मग मनगटावरचा एक केस उडवून बघत आणि मान डोलावत. तो दगड त्यांच्या आजोबांपासूनचा होता. बायकामाणसं विळी घेऊन आली, तर ते हसून म्हणत, "वयनी, हा दगड विळीचा न्हवं."

एक दिवस आबा धोकटी ओसरीवर ठेवून पाटलांच्या हाकेला गेले. आत आई विळीवर मेथी चिरता चिरता वैतागली होती, विळीला धार उरली नव्हती. मला वाटलं, आईला खूश करावं. मी धोकटीतून दगड काढला. आता विळीची गंमत अशी, की तिचं पातं जागचं हलत नाही. वस्तऱ्याला दगड स्थिर आणि पातं फिरतं, तर विळीला पातं स्थिर आणि दगड फिरवावा लागतो. मी दहा मिनिटं तो दगड विळीच्या पात्यावर खसाखसा घासला. विळीला धार लागली. आणि दगडाच्या मधोमध बोटभर लांबीचा चर पडला.

मी दगड पुसून परत फडक्यात गुंडाळून ठेवला. आबा आले, दगड हातात घेतला. त्यावरून त्यांचा अंगठा फिरताना थांबला, तो मला अजून दिसतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत चमकणाऱ्या विळीकडे. वडिलांना म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. दगड जरा उतरलाय." मला म्हणाले, "बाळ, आयला सांग, विळी जपून वापरा. लई धार लागलीया."

बाकी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर पोहायला गेलो, तर आबा घाटाच्या सपाट फरशीवर ओली वाळू पसरून दगड घासत बसले होते. तिसऱ्या दिवशीही तेच. चर घालवायचा म्हणजे चराएवढा खोल सगळाच दगड झिजवायचा. आजोबांपासून जपलेल्या दगडाची किती जाडी त्या दोन-तीन दिवसांत नदीला मिळाली असेल! आणि तेवढे दिवस त्यांचा धंदा बंद. मी लांबूनच परत फिरलो. घरी कुणालाही काही सांगितलं नाही.

पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट आबांचा मोठेपणा म्हणून मनात ठेवली होती. किती शांत माणूस, पोराला रागावलासुद्धा नाही, असं वाटायचं. पुढे मास्तर झालो. सातवीच्या वर्गात गावगाडा शिकवत होतो. बारा बलुतेदार कोण, बलुतं म्हणजे काय, सुगीला खळ्यावर ते कसं दिलं जाई, हे फळ्यावर लिहीत होतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... लिहिता लिहिता हात थांबला. आबांचं वर्षाचं धान्य आमच्यासारख्यांच्या खळ्यावरून जात होतं. सुगीला ते पोतं घेऊन आले की चार पायल्या जास्त घालायच्या की कमी, हे माझे वडील आणि चुलते ठरवत. असल्या घरच्या पोराला ते काय बोलणार होते? त्यांच्या गप्प बसण्यात मोठेपणा असेलही, पण नाइलाजही होता. मी फक्त मोठेपणाच पाहिला, कारण तेवढाच पाहणं माझ्या सोयीचं होतं.

तेव्हापासून तो धडा शिकवताना मी मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं, त्यांनीच तो खाली ठेवला. अशा नकाराची किंमत काय असते, हे आमच्या ओसरीवरचा तो एक क्षण आठवला की मला जास्त कळतं.

असो. वस्तऱ्याचे दिवसही पुढे फिरले. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटने बदलत्या पात्याचं दाढीचं यंत्र बाजारात आणलं. १९०३ या पहिल्या वर्षी त्याची ५१ यंत्रं आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हाती ते लाखांनी गेलं आणि घरोघरचा वस्तरा मागे पडला. पात्याला धार लावण्यापेक्षा पातं फेकून देणं सोपं झालं. आपल्या न्हाव्यांकडे वस्तरा आणखी बरीच वर्षं टिकला. पण १९९० नंतर एड्सविषयी जागृती झाली आणि अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झालं. मात्र त्याबरोबर सलूनमधून दगड आणि चामड्याचा पट्टा दोन्ही गेले.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. तिथे आबांच्या नातवाचं सलून आहे. फिरत्या खुर्च्या, मोठाले आरसे, भिंतीवर टीव्ही. मी दाढीला बसलो. त्याने माझ्यासमोर ब्लेडचं पाकीट फोडलं, पातं मोडून अर्धं लावलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या आजोबांचा एक दगड होता..."

"हाय की गुरुजी," तो म्हणाला. "घरी असतो. आई विळी घासती त्याच्यावर. आता मधनं पार खोलगट झालाय."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या दगडावर विळी घासल्याचं ओझं मी सारा जन्म वाहिलं, त्याच्यावर आता रोज विळीच घासली जात होती! मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो आरशातून माझ्याकडे बघत हसला. "आजा सांगायचा तसं. एका मास्तरानं लहानपणी माझ्या दगडाला चर पाडला, म्हणायचा. तुम्ही मास्तर झालात याचं त्याला लई कौतुक हुतं."

म्हणजे आबांनी घरी सांगितलं होतं. फक्त आमच्या ओसरीवर ते बोलू शकले नव्हते. त्या दिवशी मी दाढीचे पैसे देऊ लागलो तर तो घेईना. मी बळेच दिले. फुकट दाढी करून घेण्याचा हक्क आमच्या घराने फार वर्षं वापरला होता.

तर नातवाला मी दोन दिवसांनी फोन करून जे सांगितलं ते असं.

एकच दगड घ्यायचा असेल तर दोन बाजूंचा घे, एकीकडे १००० आणि दुसरीकडे ६०००. पाण्यावर चालणारा. हजाराची बाजू सुरीसाठी. वस्तरा पुष्कळ वर्षं पडून राहिलाय, त्यामुळे त्याची धार नव्याने बसवायला सुरुवातीला एकदा हजाराच्याच बाजूवर घ्यावा लागेल, पण दगड सपाट करून झाल्यावरच. नंतर त्याचं काम सहा हजाराच्या बाजूवर, आणि त्यापुढे चामड्याच्या पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावून. वस्तऱ्याचा नाद टिकला तर पुढे ८००० किंवा १२००० चा दगड घेता येईल. कोटिक्यूलच्या मोहात आत्ता पडू नकोस. तो शिकलेल्या हाताचा दगड आहे. नंबर बघताना जपानी माप आहे ना तेवढं बघ, कारण अमेरिकन माप वेगळं असतं आणि आकडा तोच असला तरी दगड तोच नसतो.

हार्डवेअरच्या दुकानातला राखाडी दगड घेतलास तर सुरीचं भागेल, वस्तऱ्याचं मात्र नुकसान होईल. आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे सुरी दे, कात्री दे, पण वस्तरा देऊ नकोस. त्याच्या चाकावर पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा हजाराच्या बाजूवर सुरी घासायची नाही, मित्रांनाही घासू द्यायची नाही. आणि हजाराची बाजू सुरीने झिजणारच, म्हणून ती वरचेवर सपाट करायची. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मार. जाड काचेवर पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घास. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या म्हणजे दगड सपाट झाला. मधल्या रेघा राहिल्या तर तिथे अजून खड्डा आहे.

तो म्हणाला, "म्हणजे एक दगड दोन्हींना चालतो तर!"

म्हटलं, चालतो. पण ज्याने तो झिजवला, त्यानेच तो सपाट करून ठेवायचा. दुसऱ्याला नदीवर बसवायचं नाही.

त्याला शेवटचं वाक्य कळलं नाही, म्हणून त्यालाही ही गोष्ट सांगितली. गेल्या रविवारी तो दगड घेऊन इकडे आला. गॅलरीत बसून आम्ही आधी दगड सपाट केला, मग त्याची सुरी लावली आणि शेवटी वस्तरा. माझा हात आता कापतो, त्यामुळे वस्तरा त्यानेच फिरवला. मी फक्त पाणी घालत होतो. मनगटावरचा केस काही पहिल्या दिवशी उडाला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचं ठरलंय.

आतून हिचा आवाज आला, "माझ्या विळीचं काय?" तिच्यासाठी राखाडी दगड वेगळा आणलाय.